टाचांचा कायदा

तुम्ही यावर विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. माझ्या सख्ख्या भावानेही ठेवला नव्हता, आणि तो तर टकलावर केस उगवणारं तेल न चुकता विकत घेतो. पण ऐकून घ्या. खोटं सांगायला मला सवड नाही, आणि खरं सांगायला दुसरं कोणी पुढे येत नाही.

एका नगरात एक केस कापणारा होता. त्याला सगळे खांब म्हणत, कारण तो उभा राहायचा. तुम्ही म्हणाल, केस कापणारा उभाच राहणार, त्यात काय मोठंसं? तसं नाही. हा सकाळी दुकान उघडून उभा राहिला, की कुलूप लावेपर्यंत त्याचा गुडघा वाकत नसे. चहा उभ्याने, डबा उभ्याने, पेपर उभ्याने. एकदा दुकानाची तुळई कलली, तर गवंडी येईपर्यंत ह्यालाच तिच्याखाली उभं केलं होतं. डोक्यावर तुळई, हातात कात्री, आणि हा गिऱ्हाईकाला विचारतोय, "कानावरचे किती ठेवू?"

हे विचारणं म्हणजे खांबाचा जीव की प्राण. न विचारता त्याने कधी कोणाचा एक केस कापला नाही. गिऱ्हाईक झोपी गेलं तर हा कात्री थांबवून ते जागं होईपर्यंत वाट बघायचा. "डोकं त्याचं आहे," म्हणायचा. "माझी फक्त कात्री."

आता त्या नगरात दोन पक्ष होते. एक सढळ हात पक्ष, दुसरा आखडता हात पक्ष. सढळवाल्यांना सरकारी तिजोरी उघडी दिसली की हात शिवशिवायचे. आखडतावाले तिजोरीवर नागासारखे वेटोळं घालून बसायचे. हा दुसरा पक्ष जन्मला तो खांबाच्याच दुकानात. खांबाचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तिथे दाढीला बसला होता. कारंज्याला रंगीत दिवे लावायची बातमी त्याने पेपरात वाचली आणि तोंडाला फेस तसाच ठेवून तो ताडकन उठला. बोट गालावरून फिरवलं आणि त्या फेसाने समोरच्या आरशावर लिहिलं: ज्याचा पैसा, त्याला विचारा.

खांबाच्या अंगावर काटा आला. आपण आयुष्यभर डोक्यांबद्दल जे म्हणत होतो, तेच हा पोरगा तिजोरीबद्दल म्हणतोय. त्या दिवसापासून खांब पक्षाचा झाला. दुकानावर पक्षाची पाटी लागली. फेस वाळून गेला, पण आरशाचा तो कोपरा त्याने पुन्हा कधी पुसला नाही.

पुढे दोघेही नगरसभेत निवडून आले, आणि मेहुण्याने एक कायदा करून घेतला. नाव टाचांचा कायदा. खर्चाचा ठराव आला की मान्य असेल त्याने बसावं, अमान्य असेल त्याने उभं राहावं. एक जरी सदस्य उभा असला तरी ठराव मंजूर नाही, आणि तो बसेपर्यंत किंवा मांडणारा ठराव मागे घेईपर्यंत सभाही संपलेली नाही. 'नाही' म्हणायला जीभ पुरते, पण ते 'नाही' किती खरं आहे हे टाचांनाच ठाऊक, असा त्यामागचा विचार. सढळवाल्यांनी हसत हसत तो मान्य केला. माणूस उभा राहून राहून किती राहणार?

त्यांनी खांबाला हिशेबात धरलं नव्हतं.

कारंज्याचा ठराव आला, खांब उभा राहिला. सढळवाल्यांचे डोळे मिटायला लागले, कारंजं बारगळलं. ओढ्यावरच्या लोखंडी पुलाचा ठराव आला. सढळवाल्यांच्या पुढारीण होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. आखूड केस, करडा आवाज. त्यांनी पुलासाठी जिवाचं रान केलं. खांब उभाच. पूलही गेला. बाई त्या दिवशी बाहेर पडताना म्हणाल्या, "तुम्हाला पाय दिलेत देवाने, मन द्यायचं राहिलं." खांबाला ते लागलं. पण पूल होता फारच महाग, आणि विचारलं कोणालाच नव्हतं.

पक्षाने त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. खांद्यावरसुद्धा तो उभाच होता म्हणतात.

मग निवडणूक झाली, आखडता हात सत्तेवर आला, मेहुणा नगराध्यक्ष झाला. आणि इथून गंमत सुरू होते.

सत्तेची खुर्ची मऊ असते. तिच्यावर बसलं की आखडलेला हात आपोआप सैल होतो, हे डॉक्टरसुद्धा सांगतील. वर्ष उलटायच्या आत नगराध्यक्षांनी सभागृहात एक लाकडी नमुना आणून ठेवला. इतका उंच की टोक बघताना चिटणिसाचा चष्मा मागे पडला.

"हा," नगराध्यक्ष म्हणाले, "काटकसरीचा मनोरा. आपण किती खर्च वाचवला, हे पुढच्या पिढ्यांना दुरून दिसलं पाहिजे."

"केवढ्याला?" बाईंनी विचारलं.

"खर्च म्हणू नका. सढळवाले करतात तो खर्च. आपण करतो ती गुंतवणूक."

आखडतावाल्यांनी बाकं बडवली. सढळवाल्यांची मात्र पंचाईत झाली. खर्च म्हटला की त्यांना बसावंसं वाटायचं, आणि खर्च ह्यांचा म्हटलं की उठावंसं वाटायचं. निम्मे अर्धवट उठलेल्या अवस्थेत अडकले, पाठी धरल्या, आणि कण्हत खाली बसले.

"ठराव मांडला आहे," चिटणीस म्हणाला. "अमान्य असणाऱ्यांनी..."

खांब उभा होता.

सभागृहात असा सन्नाटा की नमुन्याच्या टोकावर माशी बसली तिचा आवाज आला. नगराध्यक्ष हसले. "दाजी, सवयीने उठलात वाटतं. ठराव आपला आहे."

"ऐकला मी," खांब म्हणाला.

"मग बसा."

"विचारलंस का?"

"कोणाला?"

"ज्याचा पैसा त्याला."

नगराध्यक्षांचे कान लाल झाले. त्यांनी सभा चहासाठी थांबवली आणि खांबाला खिडकीशी गाठलं. म्हणजे स्वतः चालत गेले. खांब जागचा हलला नव्हता.

"दाजी, भूमिपूजनाची कोनशिला कोरून झालीय. बँडवाला सांगून ठेवलाय. तुम्ही मला तोंडघशी पाडणार?"

"मी नुसता उभा आहे."

"तुम्ही नुसते उभे राहता त्यानेच आजवर सरकारं झोपलीत! पक्ष म्हणून काही असतं की नाही? उद्या शिस्तभंग म्हणून तुम्हाला काढावं लागेल. दुकानावरची पाटी उतरवावी लागेल. रविवारी तुमच्याकडे जेवायला यायचं ते मी कोणत्या तोंडाने येऊ?"

पाटीचं खांबाला तेवढं वाटलं नाही. पण ह्या पोराला त्याने शेंडी असल्यापासून पाहिलेलं. ह्याच्या पहिल्या दाढीला गाल कापला तेव्हा तुरटी त्यानेच लावलेली. तो म्हणाला, "जेवायला तोंड लागतं रे, ते आहे तुला. ये." आणि पुन्हा सभागृहाकडे तोंड केलं.

सभा पुढे सुरू झाली आणि सुरूच राहिली. किती काळ ते मी सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही उठून जाल. एवढंच सांगतो, सुरुवातीला खिडकीबाहेर जे झाड होतं ते पुढे खिडकीच्या आत आलं. चिटणिसाच्या दौतीतली शाई वाळली, नवी आणली, तीही वाळली. सदस्य बसल्या जागी झोपत, बसल्या जागी खात, कारण ठराव आपला असल्यावर उठायचं कसं? जो उठेल तो विरोधक. टाचांचा कायदा त्यांनीच तर केलेला.

आणि खांबाच्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. त्याचे पाय दुखत होते.

आजवर दुखले नव्हते, कारण सढळवाले लवकर कंटाळायचे. पण ही आपली माणसं होती, चिवट. शिवाय दुकानात उभं राहणं वेगळं आणि इथलं वेगळं. दुकानात हात चालू असतात, पायांची आठवण राहत नाही. इथे हात रिकामे. रिकाम्या हातांचं सगळं ओझं पोटऱ्यांत उतरायला लागलं. पोटऱ्या दगड झाल्या, गुडघे थरथरायला लागले. नगराध्यक्षांनी ते पाहिलं आणि खांबाची खुर्ची एक बोटभर त्याच्याजवळ सरकवली. गादी घालून.

एवढ्यात खांबाची बायको डबा घेऊन आली. सगळं नगर तिला ताई म्हणायचं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, नमुन्याकडे पाहिलं.

"ताई, तूच सांग ह्यांना," नगराध्यक्ष म्हणाले. "तू कोणाच्या बाजूची?"

"मी ह्यांच्या चपलांच्या बाजूची. टाचा पार झिजल्या." तिने डबा ठेवला आणि पिशवीतून कापडात गुंडाळलेली कात्री, कंगवा, वस्तरा, साबण आणि दोन आरसे काढले. "दुकानात गंज चढत होता. धारेला टाकून आणलंय. तुम्ही बघून घ्या नीट झालीय का." आणि ती मागच्या बाकावर जाऊन बसली.

खांबाने कात्री हातात घेतली. हवेत दोनदा चालवली. कच्, कच्. गुडघे थांबले.

बाईंनी ते पाहिलं. त्या सढळवाल्यांच्या बाकावरून उठल्या, एक साधी लाकडी खुर्ची ओढत आणली, खांबासमोर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. "मानेवरचे वाढलेत फार. घ्या कमी करून."

"किती ठेवू?" खांबाच्या तोंडून आपोआप निघालं.

"बोटभर." कात्री चालायला लागली. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "पुलाच्या वेळी मला वाटलं होतं तुम्ही आमच्याविरुद्ध उभे आहात."

"मी खर्चाविरुद्ध उभा होतो, बाई."

"ते आज कळलं. पण ओढ्यापलीकडची मुलं अजून चिखलातूनच येतात शाळेत."

खांबाची कात्री क्षणभर थांबली. "लोखंडाऐवजी लाकडाचा केला तर?"

"पलीकडच्यांना विचारावं लागेल."

"विचारा की. मग मी बसलेलाच दिसेन."

बाई उठल्या तेव्हा दहा वर्षांनी तरुण दिसत होत्या, आणि बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. इतका काळ सभा चालल्यावर सदस्यांच्या डोक्यांचं काय झालं असेल? पाववाल्याचे केस खुर्चीवरून ओघळून जमिनीवर आले होते. शिंप्याने आपल्या दाढीचं टोक कमरेला खोचलं होतं. एका सदस्याच्या जटेत चिमणीने घरटं केलं होतं आणि पिल्लं उडायच्या बेतात होती. नगरात केस कापणारा तर हा एकच.

पहिला उठला तो पाववाला. आखडतावाल्यांचा जुना माणूस. "अध्यक्ष महाराज, मी फक्त केसांपुरता उठतोय."

"फक्त केसांपुरता," नगराध्यक्षांनी बजावलं.

त्याच्यामागे शिंपी उठला. त्याच्यामागे घरटंवाला, पिल्लांना सांभाळत. मग सढळवाले. रांग लागली. रांग म्हटली की माणूस उभा राहतो, त्याला वेगळं सांगावं लागत नाही. ज्यांचं झालं तेही जागेवर गेले नाहीत. मोकळ्या मानेवरून हात फिरवत भिंतीपाशी गप्पा मारत राहिले. खूप काळाने पाय सरळ झाले होते. दोन्ही पक्षांचे लोक एकमेकांचे कल्ले सारखे झालेत का ते बघत होते.

खांबाचे हात असे चालत होते की कात्री दिसत नव्हती, नुसता आवाज यायचा.

शेवटी उरले नगराध्यक्ष. त्यांच्या केसांचा पडदा नाकापर्यंत आला होता. नमुना दिसत नव्हता, रांगही दिसत नव्हती. ते चाचपडत आले आणि खुर्चीत बसले.

"किती ठेवू?" खांबाने विचारलं.

"नेहमीसारखे." मग हळूच, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं, "दाजी, बसा ना हो. माझ्यासाठी."

"डोकं हलवू नकोस, टिल्लू."

टिल्लू ही घरची हाक. सभागृहात ती आजवर कोणी ऐकली नव्हती. नगराध्यक्षांनी मान खाली घातली. अर्धं डोकं झालं, अर्धं राहिलं. एवढ्यात बाई खांबाच्या कानाशी आल्या. "इथेच थांबवा. म्हणावं मनोरा मागे घे, मग उरलेलं कापतो. अर्ध्या डोक्याने बाहेर जायची हिंमत नाही त्याची."

खांबाच्या हातात कात्री होती, आणि कात्रीखाली सगळा निकाल. पाय पुन्हा ठणकायला लागले होते. ह्या एका झटक्यात मनोरा पडला असता, घरी जाऊन पाय गरम पाण्यात सोडता आले असते.

"नाही बाई," तो म्हणाला. "तो ठराव आहे. हे गिऱ्हाईक आहे." आणि त्याने उरलेलं अर्धं आणखी निगुतीने कापलं. कानामागे फेस लावून वस्तरा फिरवला. मानेवरचे केस झटकले. मग धंद्याच्या रीतीप्रमाणे हातातला छोटा आरसा मानेमागे धरला आणि दुसरा समोर.

"बघ. बरोबर झालंय?"

नगराध्यक्षांनी आरशात पाहिलं. आपली मान दिसली. आणि मानेमागे, आरशाच्या कडेपर्यंत, सगळं सभागृह. सगळे उभे.

"अरे," ते म्हणाले. "बसा! सगळे आपापल्या जागी बसा!"

कोणी बसलं नाही.

"पाववाले, तुम्ही केसांपुरते उठला होतात!"

"हो, अध्यक्ष महाराज." पाववाल्याने मानेवरून हात फिरवला. "पण उभं राहून बरं वाटतंय. पुष्कळ दिवसांनी."

"शिंपीमामा, तुम्ही तरी!"

शिंप्याने घसा खाकरला. "टिल्लू... म्हणजे अध्यक्ष महाराज, मला पहिल्यापासून उठायचं होतं. पण आपला माणूस, आपला ठराव. वाटलं, मी उठलो तर एकटा पडेन. आता उठलोच आहे तर..."

चिटणीस नियमाचा पक्का. तो नाकावर चष्मा सारत पुढे आला आणि सगळीकडे पाहून म्हणाला, "ठरावाच्या बाजूने बसलेले सदस्य, एक. तेही केस कापून घेत असल्यामुळे."

सभागृह हसलं. नगराध्यक्ष हसले नाहीत. ते आरशात बघत होते. समोरच्या आरशाच्या कोपऱ्यात वस्तऱ्याने उडालेला फेसाचा एक ठिपका होता, आणि ते त्याच्याकडे असे पाहत होते, जणू तिथे काहीतरी लिहिलंय आणि अक्षर आपलंच आहे. खांबाने त्यांच्या खांद्यावरचं कापड सोडलं, एकदा झटकलं आणि घडी घातली. म्हणजे झालं. आता खुर्ची सोडायची असेल तर सोड, बसायचं असेल तर बस.

नगराध्यक्ष उठले.

उठून सरळ उभे राहिले. चिटणिसाने लिहिलं: ठराव बारगळला, एकमताने. पाटी दुकानावरच राहिली, कारण शिस्तभंगाबद्दल काढायचं तर सगळ्यांनाच काढावं लागलं असतं, आणि मग पाटी उतरवायला शिडी कोण धरणार?

आणि खांब? खांबाचं काय झालं ते ऐका, कारण खरी अचंब्याची गोष्ट पुढेच आहे. सगळे घरी गेले, पण खांब जागचा हलेना. हलणार कसा? इतका काळ उभा राहून त्याच्या टाचा फरशीत रुतल्या होत्या. बघता बघता त्यांना मुळं फुटली. बोटांना पालवी आली. कात्री फांदीला लटकून राहिली. लोकांनी त्याच्याभोवती पार बांधला. आजही नगरसभेच्या दाराशी जे झाड आहे, ज्याच्या सावलीत खर्चाचे ठराव मांडायला सदस्य घाबरतात, ते झाड म्हणजेच...

"थापाड्या!"

मागच्या बाकावरून एक पांढऱ्या केसांची म्हातारी उठली. हातातली पिशवी तिने कमरेला लावली होती.

"इतका वेळ ऐकतेय. चिमण्या सोडल्यास, दाढी कमरेला खोचलीस, मी गप्प बसले. पण माझ्या नवऱ्याचं झाड केलंस? मी होते तिथे, डबा घेऊन! सगळे उभे राहिलेले बघितल्याबरोबर तो त्या रिकाम्या खुर्चीत असा मटकन बसला की खुर्चीचा पाय मोडला. आणि माझ्या भावाने कात्री घेतली, म्हणाला, दाजी, आता तुमचे. किती ठेवू? आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं त्याला!" तिने शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचं डोकं हाताने आपल्याकडे वळवलं. "हे बघा सगळ्यांनी. अजून टिल्लूच कापतो. अजून डाव्या कानावर वाकडेच!"